खुर्ची, मांडव आणि एक पत्र

लेखक हा प्राणी एकटा असतो तोवर निरुपद्रवी असतो. तो आपल्या खोलीत बसतो, पांढऱ्यावर काळे करतो, मधूनच चहा मागतो आणि घरच्यांनी तो दिला नाही तर निमूटपणे पुन्हा लिहू लागतो. दोन लेखक एकत्र आले की तिसऱ्याच्या पुस्तकाविषयी बोलणे निघते. तिघे आले की संस्था निघते, तिची घटना तयार होते आणि कोषाध्यक्ष कोण यावर मतभेद होतात. पन्नास आले की संमेलन भरते. आणि एक्कावन्नाव्याला बोलावणे गेले नाही की दुसरे संमेलन भरते.

मराठी साहित्य संमेलनाचा जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास एवढ्यात सांगून मोकळे होता आले असते. पण दिवाळी अंकाच्या संपादकांना मजकूर पानांनी हवा असतो, आणि आमच्यासारख्या शाळामास्तरालाही एवढ्या लौकर धडा संपवून मुलांना घरी सोडण्याची सवय नसते. तेव्हा वाचकहो, चकलीची बशी हाताशी ठेवा. आपल्याला बरेच मागे जायचे आहे.

साल १८७८, मे महिन्याची ११ तारीख, गाव अर्थातच पुणे, आणि जागा हिराबाग. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि महादेव गोविंद रानडे या दोघांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत 'ज्ञानप्रकाश' पत्रातून मराठी ग्रंथकारांना एकत्र येण्याचे आवाहन केले होते. त्याप्रमाणे मंडळी जमली आणि रानडे अध्यक्ष झाले. आजच्यासारखी ग्रंथदिंडी नव्हती, बिल्ले नव्हते, ध्वनिक्षेपक नव्हता. त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचेच साहित्य मोठे, हा निकष तेव्हा नैसर्गिकरीत्या लागू होत असला पाहिजे. हेतू मात्र अगदी साधा होता. छापखाने आले होते, पुस्तके निघत होती, पण ती विकत घेऊन वाचणारा माणूस दुर्मिळ होता. ग्रंथांचा प्रसार कसा व्हावा, ग्रंथकाराला उत्तेजन कसे मिळावे, याचा विचार करायला ही सभा होती. वाचकहो, या विषयात मराठी सारस्वताने केवढे सातत्य राखले आहे पाहा! 'पुस्तके खपत नाहीत' हा जो विषय १८७८ साली चर्चेला घेतला, तो अद्याप संपलेला नाही.

पहिल्या संमेलनाचा उत्साह एवढा मोठा होता, की दुसरे भरायला सात वर्षे लागली.

हे दुसरे संमेलन १८८५ साली पुन्हा पुण्यातच झाले. अध्यक्ष होते कृष्णशास्त्री राजवाडे. संस्कृत नाटके मराठीत आणणारे हे विद्वान गृहस्थ. आता आम्ही एक परीक्षा घेतो. घरातल्या बी. ए. झालेल्या मुलाला किंवा सुनेला विचारा, की १८८५ सालच्या संमेलनाचे अध्यक्ष कोण होते. आमची पैज आहे, की दहांपैकी नऊ घरांत शांतता पसरेल. पण त्याच संमेलनाला जो आला नाही त्याचे नाव विचारा. उत्तर लगेच येईल.

रानड्यांनी जोतीराव फुल्यांना संमेलनाचे निमंत्रण धाडले होते. 'गुलामगिरी' प्रसिद्ध होऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. निमंत्रण मिळाले की आपल्याकडे लेखक प्रथम गाडीभाड्याची चौकशी करतो. जोतीराव तर पुण्यातच राहत होते, भाड्याचाही प्रश्न नव्हता. तरी ते गेले नाहीत. त्यांनी एक पत्र लिहिले, आणि ते 'ज्ञानोदया'त छापून आले. त्या पत्राचा मथितार्थ असा: जे लोक सर्वांना माणुसकीचे हक्क मनापासून आणि उघडपणे देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, शूद्रातिशूद्रांची दुःखे त्यांना दुरून काय कळणार? तेव्हा आमचा विचार आम्हीच करू.

पत्र लहान होते. त्यात हारतुऱ्यांची भाषा नव्हती, 'कार्यबाहुल्यामुळे' नव्हते, की 'संमेलनास सुयश चिंतितो' ही आपली ठरलेली ओळ नव्हती. पण त्यात एक प्रश्न होता. ज्याला तुम्ही मराठी ग्रंथकारांची सभा म्हणता, त्या सभेत मराठी बोलणारी माणसे किती आहेत? आमच्या मते संमेलनाचा खरा इतिहास म्हणजे या प्रश्नाचा इतिहास आहे. तो पुढे आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे. तूर्त त्याला मांडवाच्या दाराशी उभा ठेवून आपण आत जाऊ, कारण जेवणाची पंगत बसण्याच्या बेतात आहे.

दुसऱ्या संमेलनानंतर वीस वर्षे शांततेत गेली. १९०५ साली साताऱ्याला तिसरे संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष रघुनाथ पांडुरंग करंदीकर हे वकील होते. १९०६ साली पुण्यात चौथे झाले, आणि तिथेच महाराष्ट्र साहित्य परिषदेचा जन्म झाला. संस्था आली म्हणजे कचेरी आली, कचेरी आली म्हणजे दप्तर आले, आणि दप्तर एकदा आले की संमेलन बंद पडण्याची भीती उरत नाही. पुढे १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले आणि संमेलनाची सूत्रे त्याच्याकडे गेली. २०२५ सालच्या फेब्रुवारीत दिल्लीला जे भरले, त्याचा अनुक्रम अठ्ठ्याण्णवावा.

आता खुर्चीकडे वळू. संमेलनाच्या अध्यक्षपदाची खुर्ची ही मराठी समाजाची मोठी गमतीदार निर्मिती आहे. तिच्यावर बसण्यासाठी कादंबरीच लिहिली पाहिजे असे बिलकूल नाही. १९०९ साली बडोद्याच्या संमेलनाचे अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे डॉक्टर होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. १९३२ साली कोल्हापूरला साक्षात सयाजीराव महाराज गायकवाड अध्यक्ष होते. १९३५ साली इंदूरला औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी होते. महाराज स्वतः उत्तम चित्रकार, आणि सूर्यनमस्काराचे कट्टे पुरस्कर्ते. संमेलनाला आलेला लेखक सूर्योदयापूर्वी उठला असे सहसा ऐकिवात नाही, हे लक्षात घेता ही निवड फार दूरदर्शीपणाची म्हटली पाहिजे. आणि २०२१ साली नाशिकला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर अध्यक्ष झाले. प्रकृतीमुळे त्यांना तिथे प्रत्यक्ष येता आले नाही. सूर्याला नमस्कार करणाऱ्यापासून सूर्याचा अभ्यास करणाऱ्यापर्यंत खुर्चीने असा प्रवास केला.

१९३८ साली मुंबईत स्वातंत्र्यवीर सावरकर अध्यक्ष होते. त्यांनी जमलेल्या लेखकांना लेखण्या मोडून बंदुका हाती घ्या म्हणून सांगितले. साहित्यिकांच्या सभेत साहित्याच्याच हत्यारावर असा घाला घालायला मोठे धैर्य लागते. लेखण्या मात्र शाबूत राहिल्या. उलट त्या एका भाषणावर तेव्हापासून जितके लेख लिहिले गेले, तितकी शाई एरवी खर्च झाली नसती.

त्यानंतरची तीन वर्षे तर नाट्यमयच आहेत. १९४० साली रत्नागिरीला ना. सी. फडके, १९४१ साली सोलापूरला वि. स. खांडेकर आणि १९४२ साली नाशिकला आचार्य अत्रे. एक कलेसाठी कला म्हणणारे, दुसरे जीवनासाठी कला म्हणणारे, आणि तिसरे दोघांचीही टोपी उडवायला समर्थ. लागोपाठ तीन वर्षे तीच खुर्ची या तिघांनी सांभाळली आणि ती मोडली नाही, यावरून त्या काळच्या सुतारकामाची प्रत लक्षात येते.

पण खुर्चीवर कोण बसले याइतकेच कोण बसले नाही हेही मनोरंजक आहे. विंदा करंदीकर बसले नाहीत, विजय तेंडुलकर बसले नाहीत. १९९२ सालच्या कोल्हापूर संमेलनाच्या निवडणुकीत इंदिरा संत उभ्या होत्या, आणि त्या पडल्या. निवडून आले विनोदी लेखक रमेश मंत्री. मंत्र्यांविषयी आमचे काही म्हणणे नाही, त्यांनी लोकांना हसवले आहे. पण इंदिराबाईंची कविता किती मतांनी पडली हे मोजणारी पद्धत काही आम्हाला उमगली नाही. मते देणारी मंडळी असायची हजाराच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर निघाले. आठ कोटींच्या भाषेचा प्रमुख हजार पत्रिकांवर ठरत असे. आमच्या शाळेच्या सहकारी पतपेढीची निवडणूकदेखील याहून चुरशीची होते. पुढे निवडणूकच रद्द झाली आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्ष सन्मानाने निवडण्याची प्रथा सुरू झाली. पहिला मान अरुणा ढेरे यांना मिळाला. 

बायकांच्या वाट्याला ही खुर्ची मुळात आली तीच उशिरा. १८७८ पासून मोजले तर १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या, म्हणजे त्र्याऐंशी वर्षांनी! त्यांच्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ साली तारा भवाळकर. अठ्ठ्याण्णव संमेलने आणि बायका सहा. दिवाळीत घरोघर पहाटे उठून अनारसे कोण तळते आणि पाटावर बसून ते कोण खाते, याचा हिशेबही साधारण याच प्रमाणात निघेल.

असो. खुर्चीचे पुराण पुष्कळ झाले. आता मांडवात चला.

संमेलनाला आलेल्या प्रतिनिधीची सोय बहुधा शाळेत केलेली असते. वर्गातली बाके एका भिंतीशी रचतात, जमिनीवर गाद्या अंथरतात, आणि ज्या फळ्यावर काल-परवाचा लसावि-मसावि अर्धवट पुसलेला असतो त्या फळ्याखाली महाराष्ट्राचे सारस्वत रांगेने निजते. त्यात एक कवी घोरतो, एक समीक्षक त्या घोरण्यातल्या लयीविषयी तक्रार करतो, आणि एक कथाकार पहाटे चारलाच उठून बादली अडवतो. मास्तरकी करून आम्ही कादंबऱ्या लिहितो, म्हणून आम्हाला हे ठाऊक आहे: शाळेत निजणारा प्रत्येक मोठा माणूस सकाळी उठल्यावर थोडा वेळ तरी विद्यार्थी असतो. संमेलनातला तेवढाच वेळ तो कोणाला उपदेश करीत नाही.

नंतर परिसंवाद. परिसंवाद म्हणजे पाच वक्त्यांनी एकमेकांचे न ऐकता एकाच विषयावर पाच निराळ्या विषयांची भाषणे करणे. प्रत्येकाला दहा मिनिटे असतात. पहिला वक्ता त्यांपैकी सात मिनिटे 'वेळ थोडा आहे' हे सांगण्यात घालवतो, आणि शेवटच्या वक्त्याच्या वेळी जेवणाचा वास येऊ लागल्यामुळे श्रोत्यांचे चित्त अन्नमय कोशात विलीन झालेले असते. रात्री कविसंमेलन. कवींची संख्या श्रोत्यांहून वाढली तरी हरकत नसते, कारण कवी हाच कवीचा श्रोता असतो. आपली पाळी येईपर्यंत त्याला उठून जाता येत नाही. आमच्या परिचयाच्या एका कवीने आपले नाव यादीत चौऱ्याण्णवावे आहे हे कळल्यावर मांडवातच झोप काढली, पहाटे पावणेतीनला उठून कविता म्हटली, आणि सतरंज्या गोळा करणाऱ्या दोन माणसांनी त्याला दाद दिली. तो ती दाद अजून विसरलेला नाही.

शेवटी ठराव. संमेलनाचे ठराव हा नेहमीचा चेष्टेचा विषय आहे. पण इथे जरा थांबले पाहिजे. १९४६ सालच्या मे महिन्यात बेळगावला ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले, आणि सर्व मराठी भाषकांचा एक प्रांत व्हावा, संयुक्त महाराष्ट्र व्हावा, असा ठराव तिथे झाला. त्या मागणीमागे पुढे सारा मराठी मुलूख उभा राहिला, रक्त सांडले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. ज्या लोकांना आपण बादलीवरून भांडताना पाहिले, त्यांच्या सभेने एका राज्याचे बीज पेरले. दैवाचा खेळ असा, की ज्या बेळगावात ठराव झाला ते बेळगाव मात्र महाराष्ट्राबाहेरच राहिले. तेव्हापासून संमेलनात सीमाभागाचा ठराव येतो, आणि तो वाचला जाताना जेवणाकडे लागलेले डोळे क्षणभर खाली वळतात. २००० साली पुन्हा बेळगावलाच संमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष होते य. दि. फडके. जखमेवर फुंकर घालायला संमेलनाला तेवढे जाता येते.

दुसरा प्रसंग कऱ्हाडचा. साल १९७५. देशात आणीबाणी पुकारलेली. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्र सरकारातले मंत्री; आणि अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. जयप्रकाश नारायण तेव्हा मुंबईत रुग्णशय्येवर होते. दुर्गाबाईंनी भर सभेत त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले आणि लेखकाच्या स्वातंत्र्याविषयी जे बोलायचे ते न भिता बोलल्या. पुढे त्यांना तुरुंगवास घडला. त्या संमेलनात जेवायला काय होते हे कोणाला आठवत नाही. ज्या संमेलनाचे जेवण आठवत नाही ते संमेलन यशस्वी झाले, अशी आमची साधी कसोटी आहे.

आणि आता, दाराशी उभ्या ठेवलेल्या त्या पत्राकडे परत येऊ.

जोतीरावांनी म्हटले होते, आमचा विचार आम्ही करू. तो विचार मूर्त व्हायला वेळ लागला, पण झाला. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केले. पृथ्वीचा भार शेषाच्या मस्तकावर नसून दलित-कामकऱ्यांच्या हातांवर आहे, हे त्यांनी तिथे सांगितले. १९९९ साली मुंबईत अखिल भारतीय संमेलन चालू असताना धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष बाबूराव बागूल. ज्यांना वाटले, की ही फूट आहे, त्यांनी १८८५ चे पत्र वाचलेले नव्हते. ते वाचले असते तर कळले असते, की ही मंडळी मांडवातून फुटून निघालेली नव्हती. त्यांना कधी आत नीट बसवलेच नव्हते.

मांडवानेही मग हळूहळू आपली कनात वर केली. १९८४ साली जळगावला शंकरराव खरात अध्यक्ष झाले. १९९५ साली परभणीला नारायण सुर्वे झाले; ज्याला गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून आपले नाव दिले, तो कवी रानड्यांच्या खुर्चीवर बसला. पत्र मिळाल्यापासून ११० वर्षांनी! आपल्या टपालखात्याला उगीच नावे ठेवतात.

पण प्रश्न एकदा सुटला म्हणजे कायमचा सुटला असे नसते. २००९ साली महाबळेश्वरच्या संमेलनासाठी निवडून आलेल्या आनंद यादवांना तुकोबांवरील कादंबरीच्या वादातून पद सोडावे लागले, आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. २०१९ साली यवतमाळच्या उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावणे गेले, आणि मग ते परत घेतले गेले. त्यांचे न झालेले भाषण छापून आले, मराठीत उतरले, आणि मांडवात झालेल्या पुष्कळ भाषणांहून अधिक लोकांनी वाचले. १८८५ साली पाहुण्याने निमंत्रण नाकारले होते. २०१९ साली यजमानाने ते मागे घेतले. दोन्ही वेळा न आलेल्या माणसाचाच आवाज सर्वांत दूर पोहोचला. आयोजकांनी यातून काही धडा घ्यावा अशी आमची मास्तरकीची सूचना आहे: एखाद्याचे म्हणणे लोकांनी ऐकू नये असे वाटत असेल, तर त्याला अगत्याने बोलवावे आणि दुपारच्या परिसंवादात चौथा वक्ता म्हणून बसवावे.

मग इतक्या उपद्व्यापाचे फळ काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मांडवाबाहेरच्या पुस्तकांच्या दुकानांत मिळते. २०१५ साली पंजाबातल्या घुमानला संमेलन भरले. नामदेव महाराज जिथे राहिले असे परंपरा सांगते, ते हे गाव. दोन दिवसांचा आगगाडीचा प्रवास करून मराठी माणसे तिथे गेली. ती कोणाच्या अध्यक्षीय भाषणासाठी गेली असतील असे आम्हाला वाटत नाही. काही शतकांपूर्वी आपली भाषा तोंडात घेऊन एक शिंपी इथवर चालत आला, ही गोष्ट डोळ्यांनी पाहायला ती गेली. आणि कुठल्याही गावच्या संमेलनात जा, रात्रीच्या एस. टी.ने आलेला एक म्हातारा शेतकरी किंवा एखादी अंगणवाडीची बाई पुस्तकांच्या रांगेतून फिरताना दिसेल. किमती पाहून पुस्तके ठेवून देईल, पुन्हा उचलील, आणि शेवटी एक घेईल. रानड्यांनी आणि लोकहितवादींनी हिराबागेत सभा बोलावली ती या गिऱ्हाइकासाठी. जोतीरावांनी पत्र लिहिले तेही याच माणसाच्या वतीने. दोघांची गाठ १८८५ साली पडली नाही. या पुस्तकांच्या दुकानासमोर ती पडते.

संमेलनांची शंभरी आता फार लांब नाही. ज्यांच्या वाट्याला ते शंभरावे येईल, त्यांना एक विनंती. व्यासपीठावर सतरा खुर्च्या मांडालच. त्यांत एक रिकामी ठेवा, आणि दीपप्रज्वलनानंतर, हारतुऱ्यांच्या आधी, ते १८८५ सालचे पत्र मोठ्याने वाचा. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणार नाही. त्यानंतर ज्याला आपले भाषण तेच ठेवावेसे वाटेल त्याने खुशाल ठेवावे.

बाकी दुसऱ्या दिवशीच्या जेवणात जिलबी असावी की गुलाबजाम, हा प्रश्न स्वागतसमितीने तज्ज्ञांची उपसमिती नेमून सोडवावा. त्यावर मात्र परिसंवाद ठेवू नये. एकमत होणार नाही, आणि पाक आटून जाईल.